पेटीजवळची खुर्ची

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाविषयी आपल्या घरांत एक वाक्य ठरलेले आहे : ‘बाळाला काचेत ठेवलंय.’ हे ऐकणारा माणूस बाळाचे वजन विचारतो, डॉक्टर कोण ते विचारतो, रोजचे बिल किती होते तेही विचारतो. बाळाची आई कुठे आहे, हे सहसा कोणी विचारत नाही. ती असेल कुठेतरी वॉर्डात, पडून.

या लेखात आम्ही नेमके तेच विचारणार आहोत. काचेतल्या बाळाच्या आई-बापाला रुग्णालयाच्या इमारतीत जागा कुठे असते? आणि त्या जागेवरून पुढे काय काय ठरते? प्रश्न वरवर पाहता गवंड्याचा आणि सुताराचा वाटेल. बारा वर्षांपूर्वी आमचा धाकटा एकतिसाव्या आठवड्यात, चौदाशे ग्रॅम वजनाचा जन्मला आणि चौतीस दिवस रुग्णालयात राहिला. तेव्हापासून आम्हाला हा प्रश्न औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आम्ही म्हणजे मियाँ-बीवी. दोघेही शिक्षक, एक उर्दू शाळेत आणि एक मराठी शाळेत. बाक कसे मांडले यावरून वर्गात कोण बोलेल आणि कोण गप्प बसेल हे ठरते, हे आम्ही रोज पाहतो. शेवटच्या बाकावर खांबाआड बसवलेले मूल ‘ढ’ नसते, त्याला फळा दिसत नसतो. रुग्णालयात आम्ही तसेच खांबाआड होतो.

त्या खासगी रुग्णालयाचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण नावाने काही साधणार नाही. तिथले डॉक्टर चांगले होते, सिस्टर रात्र-रात्र जागत होत्या, आणि आमचा मुलगा आज सातवीत आहे, अल्हम्दुलिल्लाह. तक्रार माणसांची नाही, जागेची आहे. बाळांचा अतिदक्षता विभाग दुसऱ्या मजल्यावर होता आणि बाळंतिणींचा वॉर्ड तळमजल्यावर. लिफ्ट फक्त स्ट्रेचरसाठी. दारावर पाटी होती : भेटीची वेळ, सकाळी अकरा ते साडेअकरा, सायंकाळी पाच ते साडेपाच, एका वेळी एकच नातेवाईक. आत सहा वॉर्मर आणि दोन पेट्या. दोन वॉर्मरच्या मधे एक माणूस आडवा होऊन जेमतेम उभा राहील एवढेच अंतर. संपूर्ण खोलीत पालकांसाठी एकही खुर्ची नव्हती. ठेवली असती तरी मावली नसती.

सिझेरियन झालेली बाई टाके सांभाळत दोन मजले चढून गेली तर तिथे उभी किती वेळ राहणार? आमच्यातली आई तिसऱ्या दिवशी वर गेली. दहा मिनिटांत तिला घेरी आली आणि सिस्टरने तिला खाली पाठवले. पुढचे चार दिवस तिची हिंमत झाली नाही. बाळाच्या पेटीवर कार्ड होते, त्यावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे तिचे नाव. नाव तिचे, पण हात लावायचा तर परवानगी दुसऱ्याची. त्या दिवसांत ती बाळाला ‘आपलं बाळ’ म्हणत नसे. ‘वरचं बाळ’ म्हणत असे.

दूध काढायला जागा नव्हती. गाऊन आणि चादरी ठेवायच्या खोलीत कपाटाचे दार उघडे टाकायचे, त्याच्या आड पाठमोरे बसायचे, वरून ओढणी घ्यायची. वॉर्डबॉय कधीही आत येई. अशा भीतीत दूध उतरत नाही. पहिल्या आठवड्यात एका वेळेला वाटीच्या तळाशी चमचाभर दूध निघे. बाप ते घेऊन दोन मजले चढे, दाराशी बेल वाजवे, आणि सिस्टर हात बाहेर काढून वाटी आत घेई. दूध आत गेले, दूध पाजणारी मात्र खालीच राहिली.

बापाचे दुःख वेगळे. बाळ जन्मताच त्याच्या कानात अजान देण्याची आपली रीत. तो दोन दिवस काचेबाहेर उभा होता. तिसऱ्या दिवशी एका सिस्टरने पेटीची गोल खिडकी उघडून दिली. तो वाकला आणि कुजबुजत्या आवाजात त्याने अजान पूर्ण केली. त्या खोलीत सतत कोणते ना कोणते यंत्र टूं-टूं करत असे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने अशा विभागातला आवाज ४५ डेसिबलच्या खाली ठेवावा अशी शिफारस केली आहे. ४५ डेसिबल म्हणजे हळू आवाजातल्या बोलण्याहूनही कमी. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला ऐकू येत असते, पण त्या गलबल्यातून आईचा किंवा बापाचा आवाज वेगळा काढायचा तर तो जवळूनच यावा लागतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार नंतर उमगली. डॉक्टर आमच्याशी कुठे बोलत? दाराबाहेर, व्हरांड्यात, उभ्या-उभ्या. शेजारी इतर बाळांचे नातेवाईक कान देऊन. डॉक्टरांना बोलायला दुसरी जागाच नव्हती. बाप तिथे ‘रक्तात जंतू’, ‘कावीळ’, ‘आज तोंडाने दूध नाही’ असे शब्द ऐके आणि खाली उतरताना मनात जुळवणी करी की यातले काय सांगायचे. बेचाळीस पायऱ्या होत्या. अर्ध्या गोष्टी पायऱ्यांवरच गळून पडत. आई विचारी, ‘डॉक्टर काय म्हणाले?’ तो म्हणे, ‘ठीक आहे.’ तिला वाटे काहीतरी लपवतोय. त्याला वाटे ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही. आमच्यात त्या महिन्यात जी भांडणे झाली ती स्वभावाची नव्हती, दोन मजल्यांच्या अंतराची होती. दोघे एका वेळी, एका ठिकाणी बसून डॉक्टरांचे ऐकू शकलो असतो तर त्यातली निम्मी झाली नसती.

कुरआनातील हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांच्या बालपणाचा किस्सा आपल्या घरांत लहानपणापासून सांगितला जातो. आईने बाळाला पेटीत ठेवून नदीत सोडले. तिचे काळीज रिकामे झाले, सगळे उघड करून टाकावे इतकी ती अस्वस्थ झाली. तिने बाळाच्या बहिणीला मागोमाग पाठवले. ती दुरून नजर ठेवत राहिली. फिरऔनच्या महालात बाळ कोणत्याही दाईचे दूध घेईना. अखेर त्याच बहिणीने सुचवलेल्या घरी, म्हणजे आईकडेच, ते परत आले आणि तिचे डोळे निवले. आम्ही हा किस्सा वर्गात कित्येकदा सांगितला होता. त्या चौतीस दिवसांत मात्र आमचे लक्ष एकाच तपशिलावर खिळले होते. बाळाचा जीव पेटीने वाचवला, पण किस्सा पूर्ण होतो तो बाळ आईजवळ परतल्यावर. पेटी हा मधला टप्पा आहे, मुक्काम नव्हे.

मग आई-बापाला बाहेर ठेवायची पद्धत आली कुठून? काळजीच्या पेटीचा वापर पॅरिसमध्ये १८८० च्या सुमारास सुरू झाला. तिथले डॉ. पिएर ब्युदँ यांनी तेव्हाच ओळखले होते की आईला बाळापासून तोडले की तिची ओढ कमी होत जाते. म्हणून ते आयांना बाळाजवळ बोलवत आणि दूध पाजायला लावत. पुढे अमेरिकेत गोष्ट विचित्र वळणावर गेली. न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणी १९०३ पासून १९४३ पर्यंत मार्टिन कूनी नावाचे गृहस्थ पेट्यांतली खरी बाळे लोकांना दाखवत. तिकीट पंचवीस सेंट. त्या तिकिटांच्या पैशातून बाळांचा खर्च चाले, आई-बापांकडून काही घेतले जात नसे, आणि हजारो बाळे वाचली. पण काचेबाहेरून पाहण्याची सवय जगाला लागली. नंतर रुग्णालयांनी संसर्गाच्या भीतीने दारे बंद केली. ती भीती खोटी नव्हती, त्या काळी जंतूंनी बाळे दगावत होती. १९७० च्या आसपास स्टॅनफर्ड येथील रुग्णालयात आयांना हात धुऊन, गाऊन घालून आत येऊ दिले गेले. संसर्ग वाढला नाही. म्हणजे भीती आईची नव्हती, न धुतलेल्या हातांची होती.

खरा बदल श्रीमंत देशांतून नाही, टंचाईतून आला. कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. १९७८ साल. तिथल्या प्रसूती रुग्णालयात पेट्या कमी, बाळे जास्त, एका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी बाळाला आईच्याच उघड्या छातीवर, कपड्याच्या आत उभे बांधायला सुरुवात केली. आईच्या अंगाची ऊब हीच पेटी. यालाच आज ‘कांगारू मातृसेवा’ म्हणतात. पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, एस्टोनियातील टॅलिन शहरात परिचारिका पुरेशा नव्हत्या, म्हणून डॉ. आदिक लेविन यांनी आयांनाच चोवीस तास बाळाजवळ राहायला बोलावले आणि त्यांना बाळाची सेवा शिकवली. एका शहरात यंत्रे कमी पडली, दुसऱ्यात माणसे. दोन्हीकडे जी उणीव भरून काढायला बोलावली ती आईच होती.

आपल्या देशाचाही यात मोठा वाटा आहे. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत मिळून एक चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतातील केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. एक किलोपासून एक किलो आठशे ग्रॅमच्या आत वजन असलेली ३२११ बाळे त्यात होती. निम्म्या बाळांना नेहमीप्रमाणे आधी स्थिर होऊ दिले, मग आईच्या छातीवर दिले. उरलेल्या निम्म्यांना जन्मानंतर लगेच. पहिल्या गटातली १५.७ टक्के बाळे अठ्ठावीस दिवसांच्या आत दगावली, दुसऱ्या गटातली १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्यापेक्षा आधीच थांबवावी लागली.

इथे वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या गटातली बाळे दिवसातले सुमारे सतरा तास आईच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कोणाच्या छातीवर होती. विभागात राहिलेली पहिल्या गटातली बाळे जेमतेम दीड तास. सतरा तास आई बाळाजवळ कशी राहू शकली? पाटी लावून नव्हे, उपदेश करून नव्हे. तिची खाटच आत नेली होती. आजारी बाळ आणि बाळंतीण एकाच विभागात, दोघांचे डॉक्टर तिथेच येणार. म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट नवे औषध नव्हती, खाटेची जागा होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस बदलली. लहान बाळाला पेटीत ठेवण्याची वाट न पाहता जन्मल्याबरोबर आईच्या अंगाशी द्यावे, असे तिने सांगितले. त्याआधी दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आई-बापांना शिकवून आत घेण्याचा प्रयोग झाला होता. संसर्ग वाढला नाही आणि केवळ आईच्या दुधावर घरी जाणारी बाळे वाढली. केंद्र सरकारने २०१७ मध्ये सरकारी नवजात कक्षांसाठी कुटुंबाच्या सहभागाच्या मार्गदर्शक सूचनाच काढल्या.

हे सगळे आम्ही पुस्तकी म्हणून मानले असते. पण गेल्या वर्षी आमची भाची बत्तिसाव्या आठवड्यात बाळंत झाली. आर्थिक ओढ असल्याने तिला सरकारी रुग्णालयात न्यावे लागले. आम्ही मनात जुनी धास्ती घेऊन गेलो. इमारत जुनी होती, भिंतींना ओल होती, पंखे कुरकुरत होते. पण बाळांच्या कक्षाला लागूनच, मधे एक दार सोडून, आयांचा वॉर्ड होता. कक्षाच्या आत दर दोन वॉर्मरमागे एक, मागे रेलता येईल अशी प्लास्टिकच्या पट्ट्यांची आरामखुर्ची. छताला सळई आणि तिच्यावर हिरवा पडदा. दाराशीच कोपराने उघडणाऱ्या नळाचे बेसिन. बाकी काही नाही. या तीन-चार वस्तूंची किंमत एका मॉनिटरपेक्षा कमी असेल.

तिसऱ्या दिवशी भाची त्या खुर्चीवर बसलेली होती. छातीवर सुती कापडाने बांधलेले बाळ, डोक्यावर टोपी, पायांत मोजे, मान एका बाजूला. समोरून उघडणारा गाऊन, वरून ओढणी, बाजूला ओढलेला पडदा. ती म्हणाली, ‘खाला, हा झोपला की मीपण झोपते.’ आमच्यातली आई त्यावर काही बोलली नाही. नंतर घरी येताना एसटीत म्हणाली, ‘त्या खुर्चीत ती बसली होती ना, तेवढ्यातच ती आई झाली होती.’

तिथे दुपारी तीनला एक सिस्टर आयांना गोळा करून शिकवी : लंगोट कसा बदलायचा, बोंडल्याने दूध कसे पाजायचे, श्वास थांबल्यासारखा वाटला तर तळपायाला कसे चोळायचे. बाळाचे वजन रोज आईनेच वहीत लिहायचे. डॉक्टर फेरीला आले की आई तिथेच असे. त्यामुळे ‘काय म्हणाले?’ हा प्रश्नच उरला नाही. उलट डॉक्टर तिला विचारत, ‘रात्री किती वेळा दूध घेतलं?’ जो आधी माहिती मागत उभा असतो, तोच माहिती देणारा होतो, तेव्हा त्याच्या आवाजात फरक पडतो. आमच्या विद्यार्थ्यांचेही असेच असते.

घराघरांतले नातेही तिथे वेगळे जुळले. भाचीच्या शेजारची खुर्ची एका धनगर वाड्यावरच्या मुलीची होती. तिला वहीत आकडे लिहायला येत नव्हते, ते भाची लिहून देई. भाचीला दूध कमी पडे तेव्हा ती मुलगी तिला पाठ चोळून देई. एकीची आजी बाजरीची खीर आणी, दुसरीची नानी अळिवाचे लाडू. आमच्या वेळी आम्ही सहा कुटुंबे काचेसमोर महिनाभर उभी होतो आणि एकमेकांची नावेसुद्धा आम्हाला कळली नाहीत. प्रत्येक जण काचेतूनच आत पाहत होता, शेजारी कोणी पाहत नव्हते.

पण सगळे छानच होते असे लिहिले तर ते खोटे ठरेल. बारा बाळंतिणींना दोन संडास. मे महिन्याचा उकाडा. आणि एका रात्री समोरच्या खाटेवरच्या मुलीचे बाळ गेले. एका खोलीत असल्याने ते सर्वांसमोर झाले. त्या मुलीला रडायला वेगळी जागा नव्हती, आणि बाकीच्या अकराजणी आपापल्या बाळावर हात ठेवून सकाळपर्यंत जाग्या राहिल्या. निदान एक छोटी खोली, दार लावता येईल अशी, प्रत्येक विभागात असलीच पाहिजे. वाईट बातमी सांगण्यासाठी, निरोप देण्यासाठी, आणि आपल्या रिवाजाप्रमाणे बाळाला गुस्ल-कफनासाठी घरी नेण्याआधी आईला त्याला मांडीवर घेता यावे यासाठी.

यावर परदेशातले उत्तर म्हणजे प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोली. स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या दोन रुग्णालयांत ३६६ बाळांची चाचणी झाली. तिचा अहवाल २०१० चा आहे. ज्यांचे आई-बाप रात्रंदिवस बाळाजवळ राहू शकले ती बाळे सरासरी पाच दिवस आधी घरी गेली. पण अमेरिकेतील सेंट लुईस शहरात २०१४ मध्ये उलटेही दिसले. तिथे स्वतंत्र खोलीत वाढलेल्या बाळांची भाषा दोन वर्षांच्या वयात मोठ्या खोलीतल्या बाळांपेक्षा मागे होती. अभ्यासकांना वाटले की खोल्या शांत होत्या, पण पालक फार वेळ तिथे नसत, त्यामुळे बाळाच्या कानावर बोलणेच पडत नव्हते. स्वीडनमध्ये आई-बापाला पगारी रजा असते. रजा नसलेल्या कामगाराच्या बाळाला वेगळी खोली दिली तर ते बाळ तिथे एकटेच असणार. भिंती बांधणे सोपे आहे, त्यांच्या आत माणूस आणून बसवणे अवघड आहे. आपल्याकडे मोठी खोली, आत खुर्ची, मधे पडदा, आणि आईला पूर्ण मुभा हेच जमण्यासारखे आहे, असे आम्हाला वाटते.

आता आपल्या घरांपुरते दोन शब्द. पहिला पडद्याचा. अनेक घरांत ‘सगळ्यांसमोर छाती उघडून कसं बसायचं?’ या संकोचाने कांगारू नाकारले जाते. संकोच रास्त आहे, पण त्याचे उत्तर नकार नव्हे, कापडाचा पडदा आहे. तो नसेल तर आपण मागावा. पुरुषांचेही तसेच. बापही छातीवर बाळ घेऊ शकतो, पण आयांच्या वॉर्डात तो वावरला तर इतर बायकांची अडचण होते. भाचीच्या रुग्णालयात बापांसाठी दुपारी एक तास ठेवला होता, त्या वेळी सगळे पडदे ओढलेले असत. तोडगा साधा आहे, कोणाची बेअदबी नाही.

दुसरा चिल्ल्याचा. आमच्या घरातल्या बुजुर्ग म्हणत, ‘जच्चे को चालीस दिन घर के भार नै निकालते.’ बाळंतिणीला आराम मिळावा हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच आहे. पण बाळ रुग्णालयात आणि आई घरात चाळीस दिवस, असा त्याचा अर्थ कोणत्याही किताबात नाही. निफासच्या दिवसांत बाईला नमाज माफ असते. तेव्हा जिक्र आणि दुआ एवढेच तिच्या हाती असते, आणि ते बाळाच्या कानाजवळ बसून केले तर बाळालाही आईचा आवाज मिळतो. चाळीस दिवस आराम हवा असेल तर तो त्या आरामखुर्चीत द्यावा. आणि आई थकली तर नानी, दादी, फुप्पी कोणीही स्वच्छ होऊन बाळ छातीशी घेऊ शकते. दिल्लीच्या त्या चाचणीतही घरातल्या दुसऱ्या बाईला ती मुभा होती.

याला लागूनच दुधाचा प्रश्न येतो. आईचे दूध कमी पडले की मोठ्या रुग्णालयांत दूधपेढीचे दूध देतात. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली आणि तिने असंख्य बाळे जगवली. आपल्याकडे दुधाने नाते जुळते, रजाअतने भाऊ-बहीण होतात. दूध कोणाचे हे माहीत नसले तर पुढे निकाहाचा प्रश्न उभा राहतो. किती वेळा पाजल्याने नाते जुळते याबाबत कोकणातले शाफई आणि घाटावरचे हनफी यांच्यातही फरक आहे. जेद्दाह येथील फिकह अकादमीने १९८५ मध्ये अशा पेढ्यांना मनाई केली, तर युरोपातील उलमांच्या परिषदेने नंतर अकाली बाळांसाठी मोकळीक दिली. आम्ही मुफ्ती नाही. ज्यांच्यावर वेळ येईल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे, आणि बाळाचा जीव धोक्यात आहे की नाही हे डॉक्टरांकडून समजून घेऊनच विचारावे. आम्हाला सांगायचे ते एवढेच की आईला बाळाजवळ बसायला आणि दूध काढायला पडद्याची जागा मिळाली तर पुष्कळ घरांवर हा प्रश्न येणारच नाही. आमच्या बाबतीत पंधराव्या दिवशी एका सिस्टरने स्वतःच्या विश्रांतीच्या खोलीचे दार आईसाठी उघडून दिले आणि आतून कडी लावायला सांगितले. त्या दिवसापासून वाटी भरू लागली.

सातवा-आठवा महिना लागला की बाळंतपणाचे रुग्णालय ठरवताना आपण खर्च विचारतो. सोबत आणखी काही गोष्टी विचाराव्यात. बाळ लवकर झाले तर त्याला ठेवायची सोय इथेच आहे का, की दुसरीकडे हलवावे लागेल? आईचा वॉर्ड बाळाच्या विभागापासून किती लांब? आई आत किती वेळ बसू शकते? बसायला खुर्ची आहे का? दूध काढायला दाराची किंवा पडद्याची जागा कुठे? डॉक्टर आई-बाप दोघांशी एकत्र कुठे बोलतात? चार घरांनी हे विचारले तर रुग्णालयालाही वाटेल की ही विचारण्याची गोष्ट आहे.

आणि जे देऊ शकतात त्यांच्याशीही बोलायचे आहे. आपल्या समाजाचे ट्रस्ट, जमाती, अंजुमने रुग्णालयांना बरेच काही देतात : वॉटर कूलर, व्हीलचेअर, रुग्णवाहिका, क्वचित एखादे यंत्र. जकातीच्या पैशाला त्याचे हकदार ठरलेले आहेत, त्याबद्दल आम्ही बोलत नाही. पण लिल्लाह आणि सदक्याच्या रकमेतून पुढच्या वेळी जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षाला विचारावे : रेलायच्या खुर्च्या किती हव्यात, पडदे किती, समोरून उघडणारे गाऊन किती? मग कोणाची आई हिंदू, कोणाची मुसलमान, कोणाची बौद्ध, हे न पाहता त्या द्याव्यात. खुर्ची दहा वर्षे टिकते. तेवढ्या काळात तिच्यावर शेकडो आया बसतील आणि शेकडो बाळे झोपतील. सदका-ए-जारिया आणखी काय असते?

भेटीची वेळ पाहुण्यांसाठी असावी. चुलते, मामे, शेजारी, आम्ही सगळे त्या वेळेतच जाऊ, बाहेर थांबू, लांबूनच दुआ करू. आई-बाप मात्र पाहुणे नसतात. एवढी एक ओळ त्या पाटीखाली लिहून घेता आली, तरी पुष्कळ होईल.